सांदवाडीच्या सावलीत करवंद

मागच्या भागात आपण परसबागेतल्या पालेभाज्यांवर बोललो. त्यानंतर बऱ्याच गटांमधून एकच प्रश्न आला. आमच्या घरामागं सावलीच आहे, भिंत आहे, निंबाचं झाड आहे, तिथं काय लावावं? भाजी पिवळी पडते, टमाट्याला फूल येऊन गळतं, कोंबड्या उरलंसुरलं उकरतात. असं काही सांगा की जे एकदा लावलं की मरणार नाही, बारा महिने हिरवं राहील, जनावर तोंड लावणार नाही आणि वर दोन पैसेही देईल.

असं एक झुडूप आपल्या ओळखीचं आहे. करवंद. मेळघाटात कुणी लावत नाही तरी डोंगरभर येतं. उन्हाळ्याच्या शेवटी परतवाड्याहून चिखलदऱ्याकडं चढताना रस्त्याच्या कडेला पानाच्या द्रोणात काळीभोर करवंदं घेऊन बसलेल्या बाया आपण पाहिल्या आहेत. तेच झुडूप आपल्या आवारात आणायचं, एवढी ही गोष्ट. पण ती ऐकताना जितकी सोपी वाटते तितकी नाही. आमच्या गटानं त्यात मार खाल्लेला आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

आमच्या गटातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या नावावर वावर नाही. ज्यांच्या घरी आहे, त्यांचा सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. बाईच्या हातातली जमीन म्हणजे घरामागची सांदवाडी. न्हाणीचं पाणी जातं तिथं, शेणाचा उकिरडा असतो तिथं, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या भिंतीची सावली पडते तिथं. म्हणून सावलीत काय येतं, हा प्रश्न आमच्यासाठी हौसेचा नव्हता. गटाच्या बचतीतून पैसे काढून आम्ही करवंदाची ४० रोपं विकत आणली. विकणाऱ्यानं छातीठोक सांगितलं होतं की हे जंगली झाड आहे, सावलीतही लदलदून फळं येतील. आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला. तरी आपल्या परीनं तपासणी केली होती. मे महिन्यात जागा पाहिल्या, कुठं किती ऊन येतं ते पाहिलं. १८ रोपं रस्त्याच्या बाजूच्या धुऱ्याला लावली आणि २२ रोपं आमच्या बैठकीच्या खोलीमागं, भिंतीच्या उत्तरेला. मे महिन्यात तिथं दुपारी चांगलं ऊन होतं.

चौथ्या वर्षी धुऱ्यावरच्या झुडपांना फळं लागली. भिंतीमागची झुडपं हिरवीगार, काटेरी, पुरुषभर उंच. फळ मोजून दोन मुठी. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क काकू त्या झुडपांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, गटाचा पैसा सावलीत पेरला न व आपन!" त्या दिवशी बैठकीत कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

चूक कुठं झाली ते समजायला आम्हाला वेळ लागला. करवंद सावलीत जगतं, हे खरं आहे. फळतं उन्हात. विकणाऱ्यानं अर्धं खरं सांगितलं होतं. उरलेली अर्धी चूक आमची, कारण आम्ही ऊन पाहिलं ते चुकीच्या महिन्यात.

हे नीट ऐका, कारण कोणतंही झाड लावताना हे कामी येईल. आपल्या अमरावती-अकोल्याकडं मे महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. उभी काठी रोवली तर तिची सावली तिच्याच बुडाशी जाते. तेव्हा भिंतीच्या उत्तरेला काय आणि दक्षिणेला काय, सगळीकडं ऊन. पुढं दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडं झुकतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तो दुपारी बारालाही आभाळात अर्ध्यावरच असतो. तेव्हा आपल्याकडं भिंत जितकी उंच, जवळपास तितकीच लांब तिची दुपारची सावली पडते. दहा फूट उंच भिंत असेल तर तिच्या उत्तरेची दहा फूट जमीन हिवाळ्यात दुपारीही सावलीत. सकाळी आणि संध्याकाळी तर ती सावली याहून लांब. करवंदाची नवी फूट हिवाळा सरताना जोर धरते आणि माघ-फाल्गुनात फुलोरा येतो. म्हणजे त्याला ज्या दोन-तीन महिन्यांत उन्हाची सगळ्यात जास्त गरज, नेमकं तेव्हाच आमच्या भिंतीमागं ऊन नव्हतं.

म्हणून आता आम्ही जागा डिसेंबर-जानेवारीत पाहतो. रविवारी घरी असलेल्या एखाद्या लेकीला कामाला लावायचं. सकाळी आठपासून दर तासाला सावली कुठवर आली तिथं रांगोळीची रेघ ओढायची. ज्या जागेवर त्या दिवसात पाच-सहा तास सरळ ऊन पडतं ती जागा फळाची. तीन-चार तास पडतं तिथं झुडूप चांगलं होईल, फळ थोडं येईल, घरच्या लोणच्यापुरतं. दोन तासांहून कमी असेल तर तिथं करवंद फक्त कुंपण म्हणून लावा, आणि गटाच्या हिशोबात त्याच्या फळाची कमाई धरू नका.

सावली झाडाची असेल तर गोष्ट वेगळी. झाडाझाडाची सावली वेगळी असते. आंब्याखाली बारा महिने दाट सावली, तिथं करवंदाचा नाद सोडावा. निंबाचं तसं नाही. निंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो, नेमका करवंदाच्या फुलोऱ्याच्या वेळी, आणि खाली ऊन उतरतं. पुढं वैशाखात निंब भरगच्च होतो, तेव्हा आपल्याकडचं पंचेचाळीस अंशाचं ऊन तो अंगावर घेतो आणि खालचं लहान रोप वाचतं. निंबाच्या अगदी बुडाशी लावू नका, तिथं मुळांची ओढाताण होते. आठ-दहा फूट अंतर सोडून, पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या अंगाला लावा आणि निंबाच्या खालच्या दोन-चार फांद्या छाटून टाका. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीकडं अशा जागी तीन झुडपं आहेत आणि उघड्या धुऱ्यावरच्यांइतकी नाही, पण मन भरेल इतकी फळं धरतात.

सावलीतल्या बोरीवजा झुडपांचा विषय निघाला की चिखलदऱ्याच्या कॉफीचं नाव कुणीतरी घेतंच. कॉफीही सदाहरित झुडूपच आहे, लाल फळांचं, आणि तिला खरोखर सावली लागते. इंग्रजांच्या काळापासून चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत. पण चिखलदरा समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. तिथला उन्हाळा आणि अकोल्याचा उन्हाळा एकाच महिन्यात येतो, एवढंच काय ते दोघांत सारखं. खाली मैदानात कॉफीच्या नादी लागू नका. कुणी रोपं विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा.

आता करवंदाचे प्रकार. डोंगरातलं रानकरवंद लहान फळाचं, पिकल्यावर काळं आणि गोड. ते मेपासून पहिल्या पावसापर्यंत पिकतं. दुसरं बागेतलं, मोठ्या फळाचं, कच्चं असताना पांढरट-हिरवं आणि त्यावर गुलाबी झाक. हिंदी मुलखात त्याला करौंदा म्हणतात. ते पावसाळ्यात तयार होतं, चवीला जास्त आंबट, लोणच्याला आणि जेलीला उत्तम. पंतनगरच्या कृषी विद्यापीठानं पंत मनोहर, पंत सुदर्शन आणि पंत सुवर्णा असे वाण काढलेत. आपल्या राज्यात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा कोकण बोल्ड आहे. रोपं घ्यायच्या आधी अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा. एकटी जाऊ नका, गटाच्या तिघी जा, बिल घ्या, वाणाचं नाव बिलावर लिहून घ्या. आम्ही ते केलं नव्हतं. आमच्या ४० रोपांत दोन प्रकार मिसळलेले निघाले.

जंगलातून रोपं उपटून आणण्याचा विचारही नको. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तो गुन्हा आहेच. शिवाय मोठं झुडूप मूळ तुटल्यावर बहुधा जगत नाही. आणि तिथल्या कोरकू बायांचा चार पैशांचा हंगाम त्याच झुडपांवर आहे. त्यांच्याकडून पिकलेली करवंदं विकत घ्या. बी त्यातच मिळतं, आणि ते काम घरच्या घरी होतं.

बियांपासून रोप करणं सोपं आहे, फक्त उशीर चालत नाही. करवंदाचं बी डब्यात भरून ठेवलं की त्याचा जीव जातो. पुढच्या वर्षी पेरू म्हटलं तर काही उगवणार नाही. पूर्ण पिकलेली फळं घ्यायची, गर खाऊन टाकायचा (हे काम लेकरं आनंदानं करतात), बिया राखेत चोळून धुवायच्या म्हणजे चिकटपणा जातो, एक-दोन दिवस सावलीत सुकवायच्या आणि लगेच पिशवीत पेरायच्या. पिशवी म्हणजे दुधाची नाहीतर तेलाची रिकामी पिशवीही चालते, खालून चार भोकं पाडा. माती, रेती आणि कुजलेलं शेणखत सारखं घ्या. नुसती काळी माती भरली तर वाळल्यावर दगड होते आणि कोंब वर येत नाही. एका पिशवीत दोन-तीन बिया, बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोल. दोन ते चार आठवड्यांत उगवतात. पहिलं वर्ष रोप फार हळू वाढतं, वीतभर झालं तरी समाधान माना. पुढच्या पावसाळ्यात ते जमिनीत लावायचं. बियांच्या झाडाला फळ यायला तीन-चार वर्षं लागतात आणि सगळी झाडं आईसारखी निघत नाहीत. हव्या त्या झाडाचीच फळं पाहिजेत तर पावसाळ्यात गुटी बांधायची. पेन्सिलीएवढ्या फांदीची बोटभर साल गोल काढून, ओलं शेवाळ लावून, प्लॅस्टिकनं घट्ट गुंडाळायचं आणि मुळं दिसली की खालून कापायचं. साल काढताना पांढरा चीक येतो, तो पुसून मगच शेवाळ बांधा.

चिकावरून आठवलं. करवंद आणि कण्हेर एकाच कुळातले आहेत, दोघांनाही पांढरा चीक. कण्हेर विषारी आहे. लहान लेकरांना दोन्हीतला फरक दाखवून ठेवा. करवंदाची पानं समोरासमोर जोडीनं, लहान, अंडाकार आणि चकचकीत, फांदीवर दणकट काटे जोडीजोडीनं. कण्हेराची पानं लांब आणि अरुंद, काटे अजिबात नाहीत. काटा नसेल तर तोंडात घालायचं नाही, असं आम्ही आमच्या लेकरांना शिकवलंय.

लागवड मृगाच्या-आर्द्राच्या पावसात करा. खड्डा हात-दीड हात. आपल्या काळ्या जमिनीत पाणी धरून राहतं आणि करवंदाला दुष्काळ चालतो, पण बुडाशी तुंबलेलं पाणी चालत नाही. म्हणून खड्ड्याच्या तळाशी दोन टोपली मुरूम टाका आणि रोप जमिनीच्या वर वीतभर उंचवट्यावर बसवा. न्हाणीचं साबणाचं पाणी थेट बुडाशी सोडू नका. एक बाजूला चारी काढून थोडं लांबून जिरवा. कुंपण करायचं असेल तर दोन-अडीच फुटांवर एक, दोन ओळी, एकीतली रोपं दुसरीच्या फटीसमोर येतील अशी. फळासाठी लावायचं असेल तर सहा ते आठ फूट अंतर पाहिजे. आम्ही दोन्ही एकदम साधायला गेलो आणि तीन फुटांवर लावली, आता आत हात घालून फळ तोडायचं म्हणजे रक्त काढायचं काम झालंय.

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या खारपाणपट्ट्यातल्या बहिणी विचारतात, आमच्या विहिरीचं पाणी खारं, मग कसं? करवंद हे खारटपणा बऱ्यापैकी सोसणाऱ्या झाडांपैकी आहे. संत्र्याची तिथं जी दशा होते ती याची होत नाही. पण लहानपणी, पहिले दोन उन्हाळे, त्याला गोडं पाणीच द्या. पावसाचं पत्र्यावरून साठवलेलं, नाहीतर पिण्यासाठी येतं त्यातलं हंडाभर. रोपाजवळ एक जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरा, बुडाला बारीक भोक पाडून चिंधीची वात घाला आणि आठवड्यातून एकदा भरा. एवढ्यावर रोप निघतं. बुडाभोवती कुटार नाहीतर वाळला पाला अंथरा. तिसऱ्या उन्हाळ्यापासून पाण्याची आठवण नाही राहिली तरी चालतं.

त्याला शत्रू फार थोडे. लहानपणी शेळी. मोठ्या झुडपाला ती फारशी जात नाही, पण कोवळं रोप एका घासात संपवते. पहिली दोन वर्षं बोरीच्या फांद्या भोवती लावा. कधी पांढरा मेणचट पिठ्या ढेकूण येतो. फांदी कापून जाळा किंवा साबणाच्या पाण्यानं धुवून काढा. फुलोऱ्यात असताना कोणतंही औषध फवारू नका. त्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात आणि फळ त्यांच्यामुळं धरतं.

छाटणीत एक गोम आहे. करवंदाची फुलं फांदीच्या शेंड्याला येतात. कुंपण देखणं दिसावं म्हणून दर दोन महिन्यांनी कातरत राहिलात तर शेंडेच राहणार नाहीत, मग फळ कुठून येणार? छाटायचं ते वर्षातून एकदा, फळं उतरल्यानंतर. आतल्या दाट, वाळलेल्या फांद्या काढायच्या, म्हणजे मध्ये ऊन शिरतं. सावलीतल्या झुडपाला तर ही छाटणी फारच गरजेची, कारण ते उन्हाच्या शोधात लांब-लांब फांद्या फेकत जातं. बुडं स्वच्छ ठेवा. दाट काटेरी कुंपणाखाली पाचोळा साठला की विंचू-सापाला घर मिळतं. म्हणून दारासमोर किंवा लेकरं खेळतात तिथं हे लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

धुऱ्यावरच्या कुंपणाबद्दलही खोटी आशा नको. गाय-म्हैस चार-पाच वर्षांच्या दाट करवंदातून आत येत नाही. रानडुक्कर बुडाशी फट दिसली तर घुसतं, म्हणून दोन ओळी. रोही मात्र पाच फुटी कुंपण सहज उडी मारून ओलांडतो. पऱ्हाटी-तूर रोह्यापासून करवंद वाचवेल असं कुणी म्हणालं तर त्यानं रोही पाहिलेला नाही. आणि धुऱ्याला लावण्याआधी शेजारच्या वावरवाल्याला विचारा. झुडूप दोन्हीकडं पसरतं. आपल्याकडं धुऱ्यावरून डोकी फुटतात, त्यात बायांच्या गटानं भर घालू नये. आम्ही शेजाऱ्याला सांगितलं की तुमच्या बाजूची फळं तुमची. तो हसला आणि मान्य केलं.

आता फळाचं काय करायचं ते. चांगल्या उन्हातलं भरलेलं झुडूप चार-पाच किलो फळ आरामात देतं. खाली जुनं लुगडं अंथरा, हातात कातडी मोजे नाहीतर पोत्याचा तुकडा गुंडाळा आणि लोणच्याची फळं हातानंच तोडा. झोडपून पाडलेलं फळ दबतं आणि दुसऱ्या दिवशी काळं पडतं. कच्च्या फळाचा चीक जावा म्हणून तासभर मिठाच्या पाण्यात ठेवा. चिरून बिया काढताना हाताला गोडंतेल लावा. लोणच्याचं माप तुम्हाला आम्ही काय सांगावं, कैरीला लागतं तेच, फक्त मोहरी थोडी कमी.

जेलीचं सांगतो, कारण त्यात विक्रीला जास्त वाव आहे आणि करवंद त्याला अगदी योग्य. फळातला जो चिकट गुण जेली गोठवतो, तो यात भरपूर असतो, बाहेरून काही घालावं लागत नाही. पण तो अर्धवट पिकलेल्या फळात जास्त, पूर्ण पिकलेल्यात कमी. म्हणून गुलाबी फळं जास्त आणि काळी मूठभर, रंगापुरती. किलोभर फळं स्टीलच्या गंजात बुडतील एवढ्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळा. ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळ नको, आंबटपणानं ते कळकतं. मऊ झाली की थोडी ठेचून पातळ कपड्यातून गाळा. रात्रभर टांगून ठेवा, पिळू नका, पिळलं की जेली गढूळ होते. जितक्या वाट्या रस, त्याच्या पाऊणपट साखर. मोठ्या आचेवर आटवा. थंड ताटलीत थेंब टाकून बोट फिरवा, सुरकुती पडली की झाली. गरम असतानाच उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरा. पहिल्यांदा आमची जेली पाकच राहिली, कारण घाईत आम्ही सगळी पिकलेली फळं घातली होती. ती सरबत म्हणून पाहुण्यांना पाजली.

आणखी एक गंमत. पानात नाहीतर केकवर ती लालभडक गोड चेरी असते ना, ती पुष्कळदा करवंदच असतं, बी काढून, पाकात मुरवून, रंग लावलेलं. म्हणजे गिऱ्हाईक आधीपासून आहे, त्याला नाव ठाऊक नाही एवढंच.

विकायचं असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी करा. लहान उद्योगाला साधी नोंदणी पुरते, तिची सरकारी फी किती आहे ते आधी विचारून घ्या. दलाल हजारभर मागतात. उमेदचा गट असो की माविमचा, आपल्या ताईकडून ऑनलाईन करून घ्या. बाटलीवर केल्याची तारीख, वजन, गटाचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. आणि करवंदानं रक्त वाढतं असं लेबलावर छापू नका. करवंदातलं क जीवनसत्त्व जेवणातलं लोह अंगी लागायला मदत करतं, हे ठीक, पण उकळल्यावर त्यातलं बरंच जातं. गरोदर बाईनं आशाताईनं दिलेल्या लोहाच्या गोळ्या सोडून लोणचं खाऊ नये. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी जेलीपासून दूरच राहावं.

भिंतीमागच्या २२ झुडपांचं काय झालं, हे विचारायला तुम्ही विसरला नसाल. पाचव्या पावसाळ्यात त्यातली सहा गुडघ्यापर्यंत छाटून, मातीच्या गोळ्यासकट काढून धुऱ्याला नेली. चार जगली, दोन गेली. उरलेली सोळा तिथंच ठेवली, पण आता आम्ही त्यांच्याकडं फळ मागत नाही. त्यांच्या आडोशानं आत हळद, आलं आणि अळू लावलंय. त्यांना ती सावली मानवते आणि कोंबड्या-शेळ्या काट्यातून आत येत नाहीत. अळूची पानं गावात पाडव्याला, पोळ्याला जातात. गटाचे पैसे अजून पूर्ण फिटलेले नाहीत. वहीत त्या खर्चापुढं किती परत आले ते दर हंगामाला लिहितो, आणि ती वही दर महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचतो.

काकूंनी यंदा बिया राखेत चोळायला घेतल्या आहेत. त्यांच्या ओसरीवर ऐंशी पिशव्या भरून ठेवलेल्या आहेत. रोपं पुढच्या मृगात वाटायची, पण ज्या घरी ती जायची त्या घरची रांगोळीची रेघ या डिसेंबरात काकू स्वतः जाऊन पाहणार आहेत.